नुसतं जेवलास का

कार्डिफ, रविवार, १२ नोव्हेंबर १९८९

संध्याकाळी केंब्रिजहून निखिलचा फोन. सवयीनं विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, "आई, आत्ताच उठलोय." मी हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये त्याच्याच वयाची मुलं समोर बसली की माझा पहिला प्रश्न झोपेचा, कारण मन बिघडायला लागलं की आधी झोप बिघडते. पोटच्या पोराला मात्र वर्षभर नुसतं जेवलास का.

भाजी टाकली, पण राहवेना. परत फोन लावला. "निखिल, रात्री झोप लागते का रे?"

म्हणाला, "हे तू पेशंट्सना विचारतेस ना?"

"हो," म्हटलं.

मग तो बोलायला लागला. भाजी करपल्याचा वास आला. करपू दिली.