धक्का बसला की मागे वळा

४ मार्च, सोमवार

आज मेहुण्याने सगळ्यांसमोर पेट्रोलचा विषय काढला. बाकीच्या दोन गाड्यांना मिळून लागतं तेवढं भाऊजींच्या एकट्या गाडीला लागतं, म्हणे. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं, गाड्या त्याच्या. बोलायचा हक्क आहे. पण मी त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, याचीही कुठेतरी नोंद असावी.

कारण सांगितलं असतं, पण ऐकणाऱ्याची कुवत हवी. गाडीला धक्का बसला, की तो कशाचा बसला हे मी परत जाऊन बघून येतो. स्पीडब्रेकर असेल, खड्डा असेल. आणि माणूस असेल तर? जगातले सगळे अनर्थ तडक पुढे निघून गेलेल्यांनी केले आहेत. मागे वळून बघणाऱ्याने आजवर एकही राज्य बेचिराख केलेलं नाही. मी याला खातरजमा म्हणतो. मेहुणा फेरी म्हणतो.

त्याची अट: १८ तारखेच्या लायसन्सच्या परीक्षेला माझे तिघं विद्यार्थी बसताहेत. गेल्या बॅचसारखे नापास झाले, तर गाडी नव्या मास्तरच्या ताब्यात, आणि मी ऑफिसमागच्या खोलीत, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्यासमोर. (गेल्या खेपेला दोष परीक्षकाचा होता.) त्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत. घरात माझ्या बाजूला काहीच नाही. गाडी जाता कामा नये.

संकल्प: उद्यापासून फेरी बंद.

५ मार्च, मंगळवार

फेरी बंद केली. दुपारपर्यंत.

संध्याकाळी हिने मोबाइलवर एक प्रश्नावली पाठवली. ‘तुम्हाला ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ, आहे का?’ स्वयंपाकघरातून पाठवली, मी हॉलमध्ये होतो. म्हणाली, नुसतं टिक तर करा.

प्रामाणिकपणे केलं. तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासता का? नाही. मी एकदाच तपासतो. नंतर नीट बघितलं होतं का, हे तपासतो. ती वेगळी गोष्ट झाली. तुमच्या मनात इच्छेविरुद्ध विचार येतात का? माझ्या मनात एकही विचार माझ्या संमतीशिवाय येत नाही. फक्त आल्यावर जात नाही. घरच्यांना त्रास होतो का? हिला विचारलं. हिने कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

निकाल: तज्ज्ञांना भेटा. प्रश्नावली अगदीच ढोबळ आहे. दक्षता आणि आजार यातला फरक बनवणाऱ्यालाच कळलेला नाही.

६ मार्च, बुधवार

सकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा तास. निवृत्त आहेत. मुलगा मला कुठे नेत नाही, मी स्वतःला नेणार आहे, असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. हात स्थिर. क्लच सोडताना मात्र एखादा वर्ग शाळेबाहेर काढल्यासारखा टप्प्याटप्प्याने सोडतात.

गोदामाजवळच्या स्पीडब्रेकरवर धक्का बसला. मी गप्प राहिलो. पुढच्या चौकापर्यंत गप्प राहिलो, याची नोंद असावी. मग म्हटलं, बाई, तुमचा यू टर्न कच्चा आहे. म्हणाल्या, काल तर तुम्ही पक्का झाला म्हणालात. म्हटलं, पक्क्याचाच सराव करायचा असतो.

म्हणजे फेरी मारली नाही. यू टर्नचा सराव केला.

आणि बरं झालं केला. स्पीडब्रेकरपाशी एक चप्पल पडलेली. एकच. डाव्या पायाची.

बाईंना घरी सोडलं आणि पुढचे तास रद्द केले. आसपासच्या दुकानांत विचारलं. कुणाचीच नाही. इस्पितळात फोन केला, एका चपलेवर कुणाला आणलंय का. रिसेप्शनवाली म्हणाली, कुठला पाय? मी म्हटलं, चप्पल असलेला उजवा. तिने फोन ठेवला.

चप्पल घरी आणली. हिने उलटसुलट करून पाहिली. अहो, हिच्या पट्ट्यात कोळ्याचं जाळं आहे, म्हणाली, तुम्ही आज सकाळी कुणाला उडवलंत तर कोळ्याने केव्हा विणलं? मुद्दा बिनतोड आहे. तरी जेवण गेलं नाही. माणूस मरून पडला असेल आणि मी इथे जेवतोय, हा विचार घास उचलला की येतो. हिने ताट झाकून ठेवलं.

८ मार्च, शुक्रवार

मार्ग सापडला. इतका सोपा की हसू आलं.

फेऱ्या मारायला मी सांगतो, म्हणून माझ्यावर ठपका येतो. विद्यार्थ्यांनी आपण होऊन मारल्या तर ती त्यांची जबाबदारीची जाणीव. आज तिघांनाही पद्धत घालून दिली: धक्का, इंडिकेटर, वळण, खातरजमा. बाईंना एका तासात आली. बँकेतला कॅशियर म्हणाला, सर, आमच्याकडे नोटा पण दोनदाच मोजतात. तरी शिकला. तिसरा नवरदेव. लग्न ठरल्यापासून हसतच असतो, त्यामुळे त्याला किती समजलं ते कळत नाही.

११ मार्च, सोमवार

अभूतपूर्व यश. आज दिवसभरात मी एकदाही मागे वळायला सांगितलं नाही. तिघंही आपापले वळले, उतरले, वाकून बघून आले. बाईंनी तर गाडीखालीही बघितलं. मी आरामात बसून होतो. छातीतली धडधड जवळजवळ नाही.

हिला सांगितलं, मी बरा झालो. म्हणजे, आजारी नव्हतोच.

हिने मोबाइल उचलला. मग म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे जायचंय.

१२ मार्च, मंगळवार

डॉक्टरांकडे गेलो. खुल्या मनाने गेलो. दवाखान्याच्या फाटकातच स्पीडब्रेकर आहे. मनाच्या डॉक्टरने दारात असली वस्तू ठेवावी, यावरून काय ते समजावं.

हिला आत बसवून मी फाटकापाशी जाऊन आलो. मग परत गेलो, कारण दरम्यान एक टेम्पो आत आला होता आणि त्यानंतरची परिस्थिती मी बघितलेली नव्हती. परतलो तर आमचा नंबर होऊन गेलेला. ही एकटीच आत जाऊन आली होती. डोळे लाल. काय म्हणाले, विचारलं. म्हणाली, मला झोप होते का विचारलं.

थोडक्यात, डॉक्टरांना माझ्यात काही सापडलं नाही. मला बघितलं नाही हे खरं, पण तसं काही असतं तर त्यांनी मला बाहेर शोधायला माणूस पाठवला असता.

१७ मार्च, रविवार

उद्या परीक्षा. मेहुणा घरी आला होता. भाऊजी, या वेळी मला तोंडघशी पाडू नका, म्हणाला, मला ताईला तोंड दाखवायचं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, अशी मुलं तुझ्या स्कूलमधून आजवर गेली नसतील.

हे शब्दशः खरं ठरेल असा विश्वास आहे.

१८ मार्च, सोमवार

ठरलं.

पहिला कॅशियर. परीक्षेच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आला, गाडी अलगद गेली. मी समोरच्या फुटपाथवर उभा. मग इंडिकेटर लागला. वळायला मनाई असलेल्या जागी गाडी वळली, परत आली, थांबली. कॅशियर उतरला, वाकला, परीक्षकाला म्हणाला, काही नाही साहेब, क्लिअर. परीक्षकाने विचारलं, काय क्लिअर?

नवरदेव हसत गेला, हसत वळला, हसत नापास झाला.

बाई तिसऱ्या. त्या उतरल्या तेव्हा परीक्षकही उतरला. मॅडम, तुम्ही नक्की काय शोधताय, विचारलं. बाई म्हणाल्या, खाली कुणी असतं तर तुम्ही काय केलं असतं? मग त्यानेही वाकून बघितलं. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो शब्दांत मावणारा नाही. नंतर त्याने बाईंना नापास केलं आणि स्कूलचं नाव विचारलं.

घरी येताना बाई एवढंच म्हणाल्या, सर, मला बहिणीकडे गाडीने जायचं होतं. ती आजारी आहे. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात ती असेल का, ते मला माहीत नाही.

१९ मार्च, मंगळवार

मेहुणा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता हात पुढे केला. भाऊजी, किल्ली. डॉक्टरांचा कागद आणा, गाडी तुमचीच आहे. आणि बाईंना आजपासून मी स्वतः शिकवतोय, फी न घेता.

किल्ली दिली. याकडे बढती म्हणून बघायला हरकत नाही. गाडी कुणीही चालवतं. सिद्धान्त शिकवायला वाचन लागतं.

२१ मार्च, गुरुवार

मागच्या खोलीतला पहिला वर्ग. नवी बॅच. टेबलावर खडूने रस्ते आखले, खेळण्यातली लाल गाडी घेतली. चौक, उजवीकडचं वाहन, कुणी कुणाला वाट द्यायची, सगळं रंगात आलं होतं. आवाज छान लागला होता. स्पीडब्रेकर म्हणून लाकडी पट्टी आडवी ठेवली. म्हटलं, वेग कमी, दुसरा गिअर, आणि हे असं पलीकडे.

गाडी टक् करून पलीकडे उतरली.

पुढचा चौक चार बोटांवर होता. तिथपर्यंत नेता आली नाही. वर्ग बघत होता. पट्टीखाली टेबल आहे, हे मला माहीत होतं. टेबलावर कुणी नाही, हेही दिसत होतं.

गाडी वळवली. पट्टी उचलून बघितली.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, हेही लिहून घ्यायचं का? मी नाही म्हटलं. हे नको लिहू.

घरी येऊन हिला म्हटलं, डॉक्टरांची वेळ घे. ही कणीक मळत होती. म्हणाली, घेतलीय, उद्या साडेपाचची. कधी घेतलीस, विचारलं. म्हणाली, रोजच घेते, आणि रोज दुपारी फोन करून रद्द करते. तिथली मुलगी आता आवाजावरून ओळखते.

उद्या रद्द करायची नाही. चालत जायचं ठरलं आहे.