टायरमधलं मीठ

अहो,

काल सबनीस कायमचा भारतात, आपल्या नाशिकला परत गेला. कंपनीनेच काढला त्याला. ही बातमी तुम्हाला माझ्याशिवाय कोण सांगणार? म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसले. आणि हो, मी आता त्याला साहेब म्हणत नाही!

ट्रॅक्टर विकणाऱ्या त्या कंपनीत तुम्ही मेकॅनिक होतात आणि मी नाशिकहून नुकती दोह्याला आले होते. पहिल्याच हिवाळ्यात एकदा तुम्ही हसतच घरात शिरलात.

"शालन, साहेबांची नवी टूम ऐक. वाळूत चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून वजनाला टायरमध्ये पाणी भरतो ना आपण? ते म्हणे थंडीत गोठेल. म्हणून त्यात खास मीठ घालायचं!"

"इथे? पाणी गोठणार?"

"कुठलं गं! आपल्या नाशिकला याहून जास्त थंडी पडते. युरोपातून मिठाची पोती आलीत, ती खपवायचीत. उद्या रिमा गंजून जातील."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

आणि तुम्ही गप्प बसलात. का बसलात हो? एकदा तरी मोठ्याने 'नाही' म्हणायचं! नोकरी गेली असती, दुसरं काय? दर हिवाळ्यात तुम्ही शेतांवर जाऊन ते मिठाचं पाणी भरत राहिलात.

त्यातल्याच एका ट्रॅक्टरने तुम्हाला नेलं. पंक्चर काढून हवा भरत होतात. आतून सडलेली रिम फाटली आणि तिचा तुकडा छातीत बसला. हॉस्पिटलच्या बाकावर सबनीसवहिनी मला धरून बसल्या होत्या. आणि त्यांचा नवरा समोर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "हवा जास्त भरली त्याने. शुद्ध निष्काळजीपणा."

तुम्ही अजून आत होतात हो! तुमच्या अंगावर चादरही नीट घातली नव्हती!

त्या क्षणी माझं रडू थांबलं. तेव्हापासून मला एकच हवं होतं. ते वाक्य त्याच्या घशात परत घालायचं.

मी नाशिकला परतले नाही. सालेमची आई, उम्म सालेम, आठवतात? त्यांच्या मुलींचे कपडे मी शिवायचे. म्हातारीने मला आपल्या व्हिसावर ठेवून घेतलं. हिंदी बोलायच्या, त्यामुळे मन मोकळं करता यायचं. त्यांच्या शेतावरही त्याच कंपनीचे ट्रॅक्टर आहेत, हे मी विसरले नव्हते. या हिवाळ्यात त्यांच्याकडे एका चाकातून पाणी गळायला लागलं, तेव्हा मी शिलाई बाजूला ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे मुलाला हाक मारली.

सालेमने सबनीसला शेतावर बोलावून घेतलं. मी उम्म सालेमबरोबर गाडीजवळ उभी होते. चाक सोडवलं, टायर उतरवला. सालेमने रिमवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तो आरपार गेला.

"वहिनी, तुम्ही इथे?" सबनीसचा चेहरा उतरला होता.

"यातही हवा जास्त भरली का हो कुणी?" मी विचारलं.

तो मराठीत पुटपुटला, "त्या वेळी मला वरून ऑर्डर होती..."

"हिंदीत बोला. मालकांना कळू दे."

तो सालेमकडे वळला. मग म्हणाला, "उस मिस्त्री की गलती नहीं थी. मुझे मालूम था."

"खलास," सालेम म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात आसपासच्या एकाही शेतावर त्या कंपनीची गाडी कुणी आत घेतली नाही.

मला वाईट वाटलं असेल असं वाटतं तुम्हाला? नाही वाटलं! त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

जायच्या आदल्या दिवशी सबनीसवहिनी दारात आल्या. "हे झोपतच नाहीत गं. एकदा म्हण ना, माफ केलं म्हणून."

तुम्ही गेलात तेव्हा याच बाईने मला आंघोळ घातली होती, भरवलं होतं. मी त्यांना पाणी दिलं. "तुमच्यावर माझा राग नाही," म्हटलं. "पण त्यांना झोप लागावी म्हणून मी काही म्हणणार नाही." त्या पाणी न पिताच गेल्या.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ दे गं. तुमचा स्वभावच तो. माझा नाही.

म्हणून तुम्हाला शब्द देते. यापुढे कुणी तुमच्याबद्दल विचारलं तर 'अपघातात गेले' असं माझ्या तोंडून निघणार नाही. कुणी मारलं, ते नावासकट सांगेन. नाशिकला, त्याच्या गल्लीत उभी राहूनसुद्धा.

तुमची,
शालन