मामांचं घर वाटेत आलं नाही

तीर्थरूप आकाराममामा यांस,

राजवीरचा साष्टांग नमस्कार. (समोर येऊन घालायचं धाडस नाही, म्हणून कागदावर घातला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? आमच्याकडे घर लग्नाचं आणि तोंडं मयताची आहेत. तुम्ही फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे.

तेजस्वीच्या लग्नाची मानाची पहिली पत्रिका तुमची. ती तुमच्याच नेसरीतल्या चार घरांत गेली आणि तुमच्याकडे नाही, याचा गुन्हेगार मी. ऑफिसात मी दुधाच्या गाड्यांचे रस्ते आखतो. कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये जिल्ह्यातले सगळे रस्ते भरलेले आहेत. ठिकाणं द्यायची आणि विचारायचं, कमीत कमी अंतरात सगळीकडे कसं जावं. म्हटलं, पाहुण्यांची त्रेचाळीस घरंही त्यालाच विचारू. (बाबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.) त्याला अंतर कळतं, मान कळत नाही. अंबूबाई आत्याला पत्रिका तिच्या भाडेकरूनंतर मिळाली. तिने ती चहाच्या कपाखाली ठेवली आणि माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलली.

तुमचं तर नावच आलं नाही. फाट्यापासून तुमच्या दारापर्यंतची पाणंद नकाशात मोठ्या रस्त्याला जोडलेलीच नव्हती. मध्ये बोटभर फट होती. जिथे पोचता येत नाही, ते घर कॉम्प्युटर मुकाट्याने गाळतो. यादीत बेचाळीस घरं आली आणि मी मोजली नाहीत. परवा आईने विचारलं, "दादा काय म्हनाला रं?" तेव्हा उजेड पडला. मी फटीचं सांगितलं. ती म्हणाली, "मशीनला वाट ठावी न्हाय, तुला बी न्हवती व्हय?" दर सुट्टीत तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी त्याच पाणंदीने आलो आहे. मामा, मला फार वाईट वाटतंय.

फट काल बुजवली. आता रस्ता थेट तुमच्या दारापर्यंत दिसतो. रविवारी अक्षता आहेत आणि तेजस्वीच्या पाठीशी उभं राहायला मामा नाही.

तुमचा अपराधी भाचा,
राजवीर

ता. क. पत्र दूधगाडीच्या ज्ञानूकडे देतोय. उद्या अकराच्या एसटीने आई पत्रिका घेऊन फाट्यावर उतरेल. मला तिने बरोबर येऊ दिलं नाही. फाट्यापासून पुढे तिचा पाय उचलणार नाही. तेवढं तिला न्यायला या.

ता. क. दुसरा. मी कळवलं हे तिला सांगू नका, सहज आलो होतो म्हणा. नाही आलात, तर ती दुपारच्या गाडीने परतेल आणि आम्हाला सांगेल, दादा घरी नव्हता.