विहिरीकडची काठी

३ फेब्रुवारी १९३४, सोलापूर
चि. वसंता पुण्याहून आला. पत्र नाही, निरोप नाही. मी भट्टीशी, हात कोपरापर्यंत रंगात. ट्रंक स्वतःच उतरवली टांग्यातून. पुस्तकं सुतळीने आवळलेली, कडब्याच्या पेंढीसारखी. "सुट्टी काय रे?" "नाही आण्णा. आलो." सौ.ने गरम भाकरी वाढली, दोन घास खाऊन उठला.
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, दुसऱ्यांदा. परीक्षा पुढच्या महिन्यात. पुढे विचारायचा धीर झाला नाही.

५ फेब्रु.
थोडं बोलला. लेखी पेपरात कधी अडला नाही. गेल्या साली केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलाने घालवलं, यंदाही तेच होणार म्हणतो. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालच्या भांड्यातला रंग पालटला की तोटी बंद. "सगळ्यांना दिसतं. मी एकतर आधी थांबतो, नाहीतर पार पुढे जातो."
म्हटलं, नजर बसायला वेळ लागतो, मलाही लागला. मास्तर म्हणतात लक्ष नाही. लक्ष न देणारं पोर नव्हे ते.
संध्याकाळी परसातल्या भिंतीवर कोळशाने षट्कोन काढून मला समजावलं, सूत रंग का धरतं ते. मी रंगाच्या डब्यांवरच्या लेबलांची अक्षरं जुळवून जुळवून वाचायला शिकलेला माणूस. जन्म गेला रंग चढवण्यात. तो का चढतो, हे पोटच्या पोराकडून ऐकायचं भाग्य होतं म्हणायचं. सांगताना चेहरा कसा उजळला होता त्याचा.
सौ.ने षट्कोनाला हळदकुंकू वाहिलं. देवीचं यंत्र वाटलं तिला. वसंता हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

९ फेब्रु.
शेजारी लग्न. त्यांच्या मांडवासाठी आमच्या परसातल्या वाळवणाच्या काठ्या काढाव्या लागल्या. सूत पुढच्या अंगणात दोऱ्यांवर टाकलं. वाळल्यावर वसंताने लड्या उतरवल्या, गठ्ठे बांधून यल्लप्पा विणकराकडे पोचवले.
दिवस कलायच्या आत यल्लप्पा गठ्ठा खांद्यावर टाकून दारात. तोंडाचा तिखट माणूस. "आण्णा, लुगडं विणू का पोपट? तांबड्याच्या गठ्ठ्यात निम्मं हिरवं हाय की!" गल्ली हसली. "बी.एस्सी. शिकलं की असं हुतंय व्हय?" मीही हसलो.
वसंता हसला नाही. लडी उन्हात धरून उलटसुलट बघत उभा. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर

१० फेब्रु.
सौ.ला म्हटलं, त्याच्याकडे मिरच्या दे निवडायला. पिकलेल्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. मी आडून बघत होतो. एकेक मिरची बोटांनी दाबून बघे. सौ.ला हसू आलं. "माझ्या बापूदादाचंबी असंच की. बोर पिकलंय का न्हाय ते चावल्याबिगर कळायचं न्हाय त्याला. माहेरी वळसंगात आमी लई चिडवायचो." बोलता बोलता तिने त्याच्या पुढ्यातलं सूप स्वतःकडे ओढलं.
आमच्या घरची रीत. भट्टी पेटलेली असताना रंगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की रंग फुटतो, सुताला डाग पडतात. आजोबांपासूनचं. म्हणून तांबडं ते तुळशीकडच्या काठीचं, हिरवं ते विहिरीकडच्या काठीचं. "वसंता, विहिरीकडचं आण." एवढासा होता तेव्हापासून आणायचा. कधी चुकला नाही. काठ्या ठरलेल्या, चुकेल कसा? चार माणसांत कौतुक सांगायचो, रंगाऱ्याचं रक्त आहे म्हणून.
रंगात वाढलेलं लेकरू, आणि त्याला कुणी कधी विचारलंच नाही, बाळ, हा कुठला

१४ फेब्रु.
सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी लोकरीचे रंगीत धागे पुढे टाकले, सारखे सारखे जुळव म्हणाले. जुळवले त्याने, नीट, मन लावून. तांबड्याशेजारी हिरवा ठेवला, तेव्हाच समजलो. तांबड्या-हिरव्याचा भेद नाही. जन्माचं आहे, आईच्या घराण्यातून येतं, औषध नाही. "बाकी नजर उत्तम."
सौ. घरी चुलीपुढे बसली ती बसलीच. "माझ्याकडनंच गेलं व्हय त्याला?" काय सांगू. तू दिलंस ते न कळता. झाकलं मी, तेही न कळताच.

२० फेब्रु.
कॉलेजात इतकी वर्षं निभावलं कसं, ते आज सांगितलं. शेजारच्या टेबलाला गोपाळ म्हणून मित्र. रंग पालटला की तो खोकायचा. आधी थट्टेत सुरू झालं, मग रोजचंच. "मला वाटायचं आण्णा, त्याची नजर तयार आहे, माझी अजून व्हायची आहे." गेल्या साली परीक्षेत टेबलं चिठ्ठ्या टाकून दिली. गोपाळ पार दुसऱ्या टोकाला. तो पास झाला, कॉलेज सोडून गेला.
त्या गोपाळला एकदा जेवायला घालायला हवं होतं.

२ मार्च
घरात शब्दाला शब्द. मी म्हटलं, मास्तरांना सांग, डॉक्टरांचा दाखला दाखव. उसळला. "रंगाऱ्याच्या पोराला रंग कळत नाही, हे माझ्या तोंडानं सांगू? आणि सांगून काय? माझ्यासाठी केमिस्ट्री बिनरंगाची करतील?"
म्हटलं, मग राहू दे, भट्टीवर ये. तोंडातून गेल्यावर जीभ चावली. भट्टीवर तरी काय करणार तो? इकडे आड, तिकडे विहीर. तो उठून परसात गेला. मांडव कधीच उतरलाय, काठ्या पुन्हा जागच्या जागी. विहिरीकडच्या काठीला हात लावून उभा होता कितीतरी वेळ.
देवा, तुला काय कमी होतं? पाय अधू द्यायचा होतास, पोटात दुखणं द्यायचं होतंस. रंगच का?

११ मार्च
गेला पुण्याला. परीक्षेला बसतोय. दाखला मी ट्रंकेत कपड्यांवर ठेवला होता. गाडी गेल्यावर घरी येऊन बघतो तो देव्हाऱ्यात, पिंजरीच्या करंड्याखाली. म्हणजे सांगणार नाही.
भिंतीवरचा षट्कोन सौ. सारवू देत नाही.

१९ मार्च
आज प्रॅक्टिकल.
भट्टी पेटवली. कामात मन लागेल म्हटलं. यल्लप्पा सुताची वाट बघत बसला होता. लड्या बुडवल्या आणि मोठ्याने म्हटलं, "तांबडा." पिढ्यांत कुणी म्हटलं नव्हतं. यल्लप्पा चरकला. "आण्णा, काय करताय हे?" पुन्हा म्हटलं. हिरव्याच्या हौदाशी जाऊन "हिरवा" म्हटलं. रंग फुटला नाही. एकसारखा चढला, नेहमीपेक्षा काकणभर सरसच. फुटला असता तर बरं वाटलं असतं. निदान कशासाठी गप्प बसलो होतो, ते तरी.
यल्लप्पा थट्टा करील वाटलं. केली नाही. "पोरगं मोप हुशार हाय तुमचं," एवढंच, आणि लड्या घेऊन गेला.
दुपारी हौदाच्या काठी उभा होतो. आता तिकडे नळीतून थेंब पडत असेल. शेजारच्या टेबलाला कोण असेल, कुणाचं असेल. एक थेंब. दुसरा.
खोकलो. उगाच. जरा थांबून पुन्हा, मोठ्याने.
सौ. आतून विचारते, धूर लागला का हो?