त्या गावासमोरची ओहोटी

२६ फेब्रुवारी

भाऊ होडी द्यायला तयार झाला! शिडाची, लहानशी, दोघांपुरती. म्हणाला, "तायडे, होडीची नाही गं काळजी मला. दाजींची आहे." मला नाही का?

हे चालवत होते ती लाँच उलटली, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून हे पाण्याकडे पाठ करून बसलेत — अगदी खरोखरची पाठ. जेवणाच्या टेबलाची खुर्चीसुद्धा फिरवून घेतली, खिडकीतून धक्का दिसतो म्हणून. चौकशीत निर्दोष ठरले. वादळ अचानक आलं, लाँच जुनी होती, ह्यांनी शक्य होतं ते सगळं केलं — सगळं मान्य झालं. पण घरात रोज चालते ती चौकशी कोण बंद करणार?

२८ फेब्रुवारी

विचारलं. "रविवारी होडीतून जाऊ या?" हे भांडी घासत राहिले. एकच पातेलं, कितीतरी वेळ.

१ मार्च

सकाळी दाढी करताना, आरशातूनच — "रविवारी वारा कुठला आहे ते बघून ठेव."

दवाखान्यात आज माझी सुई एकदाही चुकली नाही. रक्त काढायचं म्हटलं की आकाशपाताळ एक करणारी ती चिमुरडीसुद्धा हात पुढे करून बसली.

३ मार्च, रविवार

आत्ताच आलो. कपडेही न बदलता लिहायला बसले. हे अक्षर पुढे मलाच लागायचं नाही.

सकाळ इतकी चांगली होती! गरम पाण्यात पाय घालावा तसा ह्यांनी होडीत पाय ठेवला — जरासा, मग आणखी जरासा. पण एकदा शिडाची दोरी हातात आली आणि अंगाला सगळं आपोआप आठवलं. "डोकं खाली!" केवढ्यांदा ओरडले! शिडाचा दांडा माझ्या केसांवरून गेला आणि मी हसत सुटले. दोन वर्षांत ह्यांनी मला एक हुकूम सोडला नव्हता.

एका बाजूला किनारा, दुसऱ्या बाजूला वाळूचं लांबलचक बेट, मधून ही खाडी. बेटापलीकडे समुद्र नुसता ऐकू येत होता. गोदामं मागे पडली, क्रेन मागे पडल्या, मग दोन्हीकडे गवतच गवत. पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. "तुझ्या भावाने शीड शिवलंय की पिठाची चाळण?" — ह्यांचा विनोद! मी अंडं गिळायचंच विसरले.

मग ते लाल पिंप दिसलं, पाण्यावर तरंगणारं, वळणाची खूण. त्या वळणापलीकडे ते गाव. लाँचवरची बहुतेक माणसं तिथलीच होती.

"इथून फिरू या," म्हणाले.

"फिरू या की," मी म्हटलं.

पण तेवढ्यात वारा पडला. ओहोटी लागली होती. होडी कडेकडेने घसरत वळणापलीकडे गेली, खालून खर्र आवाज झाला — आणि रुतली. गावाच्या धक्क्यासमोर, हाकेच्या अंतरावर. ज्या माणसाला ह्या खाडीचा तळ तळहातासारखा पाठ, त्याची होडी रुतली! "ही रेती इथे नव्हती," हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. "इथे नव्हती गं ही."

पाणी उतरत गेलं. होडी कलली. आम्ही दोघं चिखलाच्या मैदानात, लपायला काडीचा आडोसा नाही. धक्क्यावर माणसं जमायला लागली. कोणी ओरडलं नाही. कोणी हात केला नाही. नुसती उभी. त्यापेक्षा दगड मारले असते तर परवडलं असतं. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "अहो, ऊन लागेल." तर म्हणाले, "त्यांना चेहरा दिसू दे."

मग एक बाई धक्क्यावरून खाली उतरली. माझ्याहून लहानच असेल. गुडघ्यापर्यंतचा चिखल तुडवत, हातात पाण्याचा कॅन. पाय अडकला की थांबायची, तो उपसायची, पुन्हा चालायची. मला म्हणाली, "ताई, भरतीला वेळ आहे अजून. घ्या पाणी."

ह्यांच्याकडे मात्र बघत राहिली. "तुम्हीच ना ते?"

"हो."

"माझा माणूस होता त्या लाँचवर. सापडलाच नाही. उंच होता, सुतारकाम करायचा. भुवईवर खूण. तुम्ही पाहिलंत त्याला?"

चौकशीत मी मागच्या बाकावर होते. ह्यांचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत — "अंधारून आलं होतं. मला एकही चेहरा दिसला नाही."

कललेल्या होडीत हे तोल सावरत उभे राहिले. "पाहिलं," म्हणाले. "उलट्या लाँचच्या पाठीवर पोरांना चढवत होता. खालून ढकलत होता एकेकाला. मी हात दिला, तर म्हणाला, आधी हिला घ्या. मुलगी होती एक. तिला घेतलं. वळलो तर..."

बाईने होडीची कड धरली. "असं केलं त्याने?"

"केलं."

"माझ्याशी भांडून निघाला होता हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, रागातच गेला." मग कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं. जाताना माझा नंबर मागून घेतला. "पुन्हा कधी ऐकावंसं वाटलं तर."

धक्क्यावर तिने काय सांगितलं कोण जाणे. पाणी चढल्यावर काही माणसं आत उतरली, होडीला खांदे लावले, ढकलून मोकळी केली. एका म्हाताऱ्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "जा आता. वारा आहे तोवर जा."



४ मार्च

हे झोपले. सलग. घोरत होते! मीच पडून होते, एखाद्या परक्या माणसाचं घोरणं ऐकावं तशी.

६ मार्च

शेवटी विचारलंच. "चौकशीत तुम्ही म्हणाला होतात, कोणी दिसलं नाही."

"तेव्हा आठवत नव्हतं. चिखलात बसलो तेव्हा आठवलं."

डोळ्यांत डोळे घालून म्हणाले. ह्या माणसाला आमटी खारट झाली हेसुद्धा लपवता येत नाही. म्हणजे खरंच असेल. असेलच.

११ मार्च

सुतार रोज निघतो बोलण्यात. आधी नुसता उंच होता. मग बाह्या दुमडलेल्या होत्या. आज म्हणाले, कानावर पेन्सिल होती त्याच्या. त्या पाण्यात, त्या वाऱ्यात — कानावर पेन्सिल! कपाटाचं दार लागेना, तर सहज म्हणाले, "तो असता तर एका घावात बसवून दिलं असतं." जसा शेजारीच राहत होता.

आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली. जेवताना हे धक्क्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. तिसरं कोणी बसलंय असं वाटत राहतं. वाढताना आज माझा हात तिसऱ्या ताटाकडे गेला.

१५ मार्च

सोमवारपासून हे कामावर! बंदराच्या ऑफिसात जाऊन स्वतः सांगून आले. भाऊ फोनवर नुसता नाचत होता. "तायडे, जिंकलीस!"

जिंकले. मग लाकडाच्या वखारीवरून जाताना पाय का अडतात माझे? आतल्या प्रत्येक उंच माणसाची भुवई बघते.

१८ मार्च, सोमवार

हे कामावर गेले. शीळ घालत.

दुपारी फोन. ती बाई. आवाज इतका बारीक, आधी ओळखलाच नाही. "ताई, माझा माणूस आलाय. जिवंत. लाँचवर चढलाच नव्हता. दुसऱ्या शहरात होता, दुसऱ्या बाईकडे. आत बसलाय, जेवतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेबांना सांगू नका, ताई. ह्याला घरात घेतलंय मी. पण रडू येतं ते अजून लाँचवरच्या त्या दुसऱ्यासाठीच."