पर्मनंटवर मारलेली टिक

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, नोकरीही शाबूत आहे. फोनवर तू विचारतोस, काय म्हणतोस, मी म्हणतो, मजेत, तेवढ्यात मागून मामीची हाक येते आणि झालं आपलं बोलणं. आज सुट्टी आहे म्हणून बसलोय. अक्षराला हसू नकोस, सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं सलग कधी लिहिलेलं नाही.

लॉन्ड्रीत तुझ्या इस्त्रीच्या रोलरवर आता दुसरा माणूस आहे. हॉस्पिटलच्या चादरी तो तिरक्या घालतो, मग पलीकडे मी घडी घालायला गेलो की कडेला कड जुळत नाही. मुकादम येताजाता ऐकवतो, तुझा मामा होता तेव्हा चादर कशी कोऱ्या कागदासारखी यायची. मी चादर झटकून पुन्हा कड जुळवायला घेतो. वर्षाला तीन नोकऱ्या सोडणारा मी, इथे टिकलो ते तू समोर उभा होतास म्हणून. आता पुन्हा पाय शिवशिवतात. पण जाऊ कुठे? संध्याकाळी खोलीत मी एकटाच मोठ्याने बोलतो. परवा शेजारच्या ड्रायव्हरने जिन्यात विचारलं, मामा आला वाटतं?

घरमालकीण दोनदा म्हणाली, ती रिकामी खाट कुणाला तरी दे. मी म्हटलं, मामा येणार आहे, त्याला वर्षातून एकदा यावंच लागतं. खोटं नाही ना ते? निघताना तूच माझ्याकडून घोकून घेतलंस, पेन्शन कुठेही बसून मिळते, पण इथे या देशात राहायचा हक्क टिकवायचा तर वर्षाच्या आत एकदा येऊन तोंड दाखवायचं. अठ्ठावीस वर्षं वाफेत उभं राहून मिळवलाय, असा सोडणार नाही, म्हणालास. आता अकरावा महिना चालू आहे. विचारलं की म्हणतोस, बघू, मामीचे गुडघे दुखतात, अंगणात फरशी बसवायचीय. किती मोठं अंगण आहे रे तुझं? चिडलो नाही मी. तू सकाळी उन्हात बसून पेपर वाचतोस असं मामी सांगत होती. इथे तुला ऊन फक्त सुट्टीच्या दिवशी दिसायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पेन्शनचा तो वर्षाचा फॉर्म पाठवायची वेळ आली होती, माणूस जिवंत आहे का विचारणारा. तू जाताना कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवली होतीस, भरायचं काम माझं. जिवंतवर टिक मारली. खाली एका ओळीत पर्मनंट शब्द दिसला, तिथेही मारली. पर्मनंट म्हणजे चांगलंच ना, मामा? तू पर्मनंट झालास तेव्हा मामी गल्लीभर सांगत सुटली होती. पण तिथे प्रश्न होता, तुम्ही हा देश पर्मनंट सोडला आहे का. काल पेन्शन ऑफिसचं पत्र आलं, ते घेऊन मी तसाच खिडकीवर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, पेन्शनला धक्का नाही, ती मिळत राहील, पण राहायचा हक्क तुमच्या मामांनी स्वतःहून सोडलाय. चूक असेल तर साठ दिवसांत त्यांनी स्वतः इथे येऊन सांगायचं, भाच्याचं चालणार नाही. शिव्या घाल, पण फोन कर. यायचं नसेल तर तसं सरळ सांग, बघू म्हणू नकोस. आणि खरं सांगू? त्यांनाच यावं लागेल असं बाई म्हणाल्या ना, तेव्हा चूक माझी असून मला आधी बरं वाटलं. लाज मागून वाटली, बाहेर रस्त्यावर आल्यावर.

तुझाच,
भिंगऱ्या