दोन भेगांमधली जागा

धानोरा, बुधवार, १८ ऑक्टोबर २०००

परवा सकाळी मी दिवाळीसाठी भिंतीला चुना मारत होते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायचा दांडा दिराने रॉकेलने पुसून ठेवला होता, त्यावर शिंतोडे उडाले. चुना वाळला तशा पांढऱ्यावर दोन ओल्या काळ्या रेषा उमटल्या; भेगांत मुरलेलं रॉकेल वर आलं होतं. मधे तांदळाच्या दाण्याएवढी जागा.

चार वर्षांपूर्वी याच ट्रॉलीचा जुना दांडा तुटून हे गेले. सगळे म्हणाले, अचानक तुटला. नंतर मी ह्यांचं आयटीआयचं पुस्तक अडखळत वाचलं. लोखंड दर खेपेला थोडं थकतं. केसासारख्या भेगा पडतात, वाढतात. दोन भेगा जवळ आल्या की एकमेकींना वाढवतात, आणि मधलं लोखंड एका झटक्यात जातं. म्हणजे अचानक काहीच नव्हतं. तो दांडा तर मीच धुवायची. मला का दिसलं नाही? की दिसलं, आणि ओरखडा समजले?

दिराला दाखवलं तर हसला. “वहिनी, लोखंड हाय ते, पापड नाई. उद्या कापणीले ट्रॉलीत वीस बाया न्यायच्या हायेत मले.”

“तुमच्या दादालेही लोखंडच वाटलं होतं, भाऊजी.”

तो विळे गोळा करायला निघून गेला. दांडा बदलतो असं काही म्हणाला नाही.

दाण्याएवढी जागा. ती अजून किती खेपा टिकेल, हे पुस्तकात नाही.

काल पहाटे मी घरोघर जाऊन बायांना उठवलं आणि सगळ्यांना घेऊन पायीच भाताच्या बांधीत गेले.